कस्तुरीचा तिसरा पेनड्राइव्ह

दुसऱ्या खेपेलाही डबा सुरू झाला नाही, तेव्हा कस्तुरी सातपुतेनं हातातला पेनड्राइव्ह सरळ मोरीत भिरकावला. मग स्वतःच गेली, उचलून आणला, ओढणीला पुसला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. चूक पेनड्राइव्हची नव्हती हे तिलाही कळत होतं. पण राग काढायला घरात दुसरं होतं कोण? अण्णा होते, आणि अण्णांवर राग काढायची सोय नव्हती.

डब्याच्या बोटभर पडद्यावर लाल अक्षरं आली होती. ‘दोन प्रयत्न झाले. एक शिल्लक. तिसरा फसल्यास रुग्णाची सर्व माहिती पुसली जाईल.’

“पुसली जाईल म्हणे! तुझ्या बापाची हाय व्हय रे ती?” ती डब्याला म्हणाली.

कॉटवर बसलेले अण्णा तिच्याकडे टक लावून बघत होते. चार दिवस झाले, त्यांच्या गळ्यातली पट्टी मुकी होती.

हा डबा म्हणजे काय प्रकरण ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एका खोक्यापायी एवढी का कासावीस झालीय.

बाळाप्पा सातपुते, म्हणजे कस्तुरीचे अण्णा, इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा हे त्यांचं काम. शंभर माग एका छपराखाली धडधडायला लागले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता, ओठ ठसठशीत हलवून बोलतात, आणि समोरचा ओठ बघून ऐकतो. अण्णांच्या दोन्ही पोरांना ही बोली लहानपणीच आली. बापाला जेवणाचा डबा द्यायला गेलं की दुसरी कुठली भाषा चालतच नव्हती.

मागांनी अण्णांचे कान नेले. जवळजवळ ठार बहिरे झाले. आणि २०३८ साली कर्करोगानं स्वरयंत्र नेलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला.

पण आवाज गेला म्हणून बोलणं संपत नाही. बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम सोडतच राहतो, आणि हुकूम आला की स्नायूत बारीकशी वीज खेळते. गळ्यातली पट्टी ती वीज टिपते आणि डब्याकडे पाठवते. डबा अंदाज बांधतो, की हा माणूस अमुक शब्द म्हणाला असणार, आणि तो शब्द मोठ्यानं उच्चारतो. अंदाज बरोबर की चूक हे घरातल्या कुणीतरी शेजारी बसून सांगायचं. असं सांगता सांगता डबा त्या एका माणसाची बोलण्याची ढब शिकतो. कस्तुरीनं पहिलं वर्षभर रोज सकाळी तास-दीड तास बसून डब्याला अण्णा शिकवले. आवाजसुद्धा अण्णांचाच घातला, चुलतबहिणीच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून काढून. कस्तुरीचं स्वतःचं लग्न ठरून मोडलं होतं. घरात ती आणि अण्णा, दोघंच. स्वयंपाक करताना मागून अण्णांचा आवाज यायचा, तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

डबा बनवणारी कंपनी गेल्या साली बंद पडली. डब्याला कुणी हे कळवलं नाही. तो आपला इमानानं दर महिन्याला कंपनीकडून नवी आवृत्ती मागत राहिला, आणि चार दिवसांपूर्वी त्याला कुठून तरी अर्धवट काहीतरी मिळालं. ते गिळून तो जो बसला तो बसलाच. शिकलेलं सगळं आत शाबूत होतं. फक्त डब्याला स्वतःच्या पायावर उठता येत नव्हतं. त्याला बाहेरून उठवायला हवं होतं, बूटेबल पेनड्राइव्ह लावून.

हे काम कस्तुरीच्या हातचा मळ. बाजारातल्या गाळ्यात अठरा वर्षं ती कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं, ह्याचा तिला जास्त संताप होता.

बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे नुसती फाइल कॉपी केलेला पेनड्राइव्ह नव्हे. यंत्र जागं होताना डोळे मिटूनच पेनड्राइव्हच्या एका ठरावीक जागी हात घालतं. तिथं पहिली आज्ञा असली तर उठतं, नसली तर पुन्हा आडवं होतं. मागावर नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवताना कामगार हजारो धागे एकेक करून फणीतून ओवतात, एक धागा चुकला तर सगळ्या ताग्याला रेघ पडते, तसंच हे. म्हणून पेनड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर भरवशाचं हवं. पूर्वी अशी पाचसहा सॉफ्टवेअरं होती, त्यांतलं कुठलं चांगलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

आता, २०४३ साली, चांगलं-वाईट ठरवायला जागाच उरली नव्हती. प्रत्येकाच्या फोनमध्ये सांगकाम्या होता. ‘मला अमुक करायचंय’ म्हटलं की तो उभ्या उभ्या तेवढ्यापुरतं सॉफ्टवेअर लिहून द्यायचा. कुणी माणसानं ते लिहिलेलं नाही, कुणी वाचलेलं नाही. तुला मिळालं ते मला मिळणार नाही. मग ‘माझं झालं बघ त्याच्यावर’ ह्या शिफारशीला अर्थ काय? कुणाचंही सर्टिफिकेट कुणाच्या कामाचं नव्हतं. बरं, नव्वद टक्के वेळा काम होऊन जायचं, म्हणून लोकांची तक्रारही नव्हती.

पहिला प्रयत्न कस्तुरीनं सांगकाम्यावर विसंबून केला. घाई नडली. त्यानं सुरेख हिरवी पट्टी दाखवली, ‘शंभर टक्के पूर्ण’ म्हणाला. डबा हलला नाही.

दुसरा प्रयत्न तिनं नीट केला. म्हणजे तिला तसं वाटलं. तिच्याकडे ‘पायरी’ होतं. हे जुन्या काळचं, दोन माणसांनी मिळून लिहिलेलं छोटं सॉफ्टवेअर. जे लिहिलं ते पुन्हा वाचून तपासायचं आणि मगच झालं म्हणायचं. आणि ‘पायरी’ वापरण्याआधी गावातल्या चौदा दुरुस्तीवाल्यांची एक रीत होती, ठसा वाचायची. कुठल्याही फाइलवर ठरावीक गणित केलं की चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. एकानं आपल्या फाइलचा ठसा फोनवर तोंडी वाचायचा, दुसऱ्यानं आपल्याशी ताडून बघायचा. मेसेज पाठवायचा नाही, कारण मध्येच कुणाचा तरी सांगकाम्या त्यात सुधारणा करून ठेवायचा.

तिनं त्या चौदांतल्या इरफान मोमीनला फोन केला. इरफानभाईंनी सगळा ठसा वाचला, अक्षर न् अक्षर जुळला. तिनं पेनड्राइव्ह बनवला, ‘पायरी’नं तपासून बरोबर म्हटलं. आणि डबा? डबा तिथंच.

आता एकच प्रयत्न उरला होता. तो फसला असता तर अण्णांचा आवाज गेला असता, ह्या खेपेला कायमचा.

कस्तुरी घरभर फिरत राहिली. गॅसवरचा चहा आटून करपला. तिनं भांडं घासायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. पाचदहा मिनिटांनी तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली. २०३५ साली तिनं आणि तिच्या भावानं कोल्हापुरात आठवडाभराचं शिक्षण घेतलं होतं. ‘पायरी’ लिहिणाऱ्या दोघांतल्या बाईच शिकवायला होत्या. त्यांनी फळ्यावर ठसा लिहिला होता आणि कस्तुरीनं वहीत उतरून घेतला होता. कागदावरचं अक्षर कुठला सांगकाम्या सुधारणार?

वही सापडली. तिनं आपल्या ‘पायरी’चा ठसा शेजारी ठेवला. पाचव्या अक्षरापासूनच दोन्ही ठसे वेगळे होते.

“आयला!” असं म्हणून ती खाली बसली आणि लगेच उठली. इरफानभाईंना फोन लावला. “भाई, तुमची ‘पायरी’ कुठून आणलेली?”

“कुठून म्हणजे? तूच दिलीस की! तीन वर्षं झाली.”

“आणि बशेट्टींनी, बाकीच्या दुरुस्तीवाल्यांनी?”

“माझ्याकडून नेली. सगळ्यांनी तुझीच नेली बघ कस्तुरी. तुझ्याकडची म्हटल्यावर कोण बघतंय?”

म्हणजे चौदा जण इतकी वर्षं एकमेकांना ठसे वाचून दाखवत होते आणि सगळ्यांच्या फायली एकाच पोटच्या. जुळणार नाही तर काय होईल? तिच्याच कॉम्प्युटरनं कधीतरी आपणहून साफसफाई केली होती. जुन्या यंत्रांना उठवायची पद्धत आता कोण वापरतं, म्हणून ‘पायरी’तला तेवढा भाग कापून टाकला होता. आणि डबा नेमका जुना. ‘पायरी’ बिचारी खोटं बोलली नव्हती. जे दिलं तेच लिहिलंय एवढंच ती सांगू शकत होती. दिलेलंच चुकीचं असेल तर ती काय करणार?

अस्सल ‘पायरी’ आता एकाकडेच असणार होती. विश्वजितकडे.

विश्वजित तिचा धाकटा भाऊ. सोलापुरात असतो. अण्णांच्या ऑपरेशननंतर तो म्हणाला होता, मी अण्णांना सोलापूरला नेतो, तिथं डॉक्टर अन्ननलिकेतून बोलायला शिकवतात, डबाबिबा नको. कस्तुरी म्हणाली, अण्णा इथून हलणार नाहीत. शब्दानं शब्द वाढला. ताटावरून उठून तो गेला, जाताना दाराशी म्हणाला, “तुला अण्णा नकोत तायडे, अण्णांचा आवाज पायजे.” त्याला आता चार वर्षं होऊन गेली. सुरुवातीला तो फोन करायचा. मग तेही थांबलं.

तिनं फोन हातात घेतला आणि ठेवला. अंगणात जाऊन आली. बाकीच्या बारा जणांना एकेक करून विचारून बघितलं, उगाच, उत्तर माहीत असताना. दुपारचा एक वाजला. अण्णांना जेवायला वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ओठांनी काहीतरी म्हणाले. ती तेव्हा फोनकडे बघत होती.

शेवटी तिनं लावलाच.

“विश्या, मी बोलतेय.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “अण्णा?”

“अण्णा बरे हायत. डबा बंद पडलाय.” आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं, मध्ये थांबली तर रडू येईल म्हणून. “तुझा तो जुना लॅपटॉप हाय काय अजून? नेटला लावला नव्हतास तो?”

“हाय.”

“त्यातल्या ‘पायरी’चा ठसा वाच. माझ्यासमोर वही हाय.”

तिकडे खुडबुड ऐकू आली. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. “सात. ए. नऊ. नऊ. सी. शून्य...” कस्तुरी वहीवर बोट फिरवत गेली. चौसष्टाव्या अक्षरावर तिचं बोट थांबलं. सगळं जुळलं होतं.

“नेटवरून पाठवू नको,” ती म्हणाली. “वाटेत कोणतरी शहाणपणा करणार. पेनड्राइव्ह बनव आणि कुरिअर कर.”

“न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“लावायचा तर मी माझ्या हातानं लावणार. नाहीतर राहू दे.”

“अरे, इथं अण्णांचा आवाज जायची वेळ आलीय आणि तू अटी घालायलास?”

“घालायलोय. उद्या दुपारी येतो.” आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं सोलापूरच्या दिशेला तोंड करून दोन शिव्या हासडल्या. पण रात्री झोप लागली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमाराला विश्वजित आला. केस पांढरे व्हायला लागले होते, पोट सुटलं होतं. चपला काढताना तो दारातच अडखळला. अण्णा कॉटवरून उठायला लागले तसा तो पुढे धावला आणि त्यांच्या पायाशी वाकला. अण्णांनी त्याचं मनगट जे धरलं ते सोडेचनात. त्यांचे ओठ भराभरा हलत होते.

कस्तुरीनं तिकडे बघितलं नाही. तिला ते बघवलं नाही म्हणा. “आधी काम,” ती म्हणाली. “लॅपटॉप काढ.”

दोघं टेबलाशी बसली. शिकायला होती तेव्हा बसायची तशी, कोपराला कोपर लावून. त्यानं नवा पेनड्राइव्ह काढला.

“कुठल्या ड्राइव्हवर लिहितोयस ते नाव बघ,” ती म्हणाली.

“बघितलं.”

“परत बघ. एकदा तू माझ्या साखरपुड्याचे फोटो पुसलेलेस.”

“लग्न मोडल्यावर पुसलेले. आणि तूच सांगितलेलंस.”

हे खरं होतं. ‘पायरी’नं लिहिलं, मग लिहिलेलं परत वाचलं. विश्वजितनं पडद्यावरचा ठसा मोठ्यानं वाचला आणि कस्तुरीनं वहीवरून मान डोलावली. मग जागा बदलून उलटं केलं. तिनं पडदा वाचला, त्यानं वही. ह्यापलीकडे माणसाच्या हातात काही नव्हतं.

“लाव,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मागं टिक असा आवाज झाला. मग काहीच नाही. तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं. मग डब्याचा पंखा घरघरला.

“तायडे,” विश्वजित म्हणाला, “उठला गं!”

ती वळली. पडद्यावर साध्या पांढऱ्या अक्षरांत फायलींची यादी होती. शिकलेला आवाज शाबूत. कस्तुरीला हसू आलं, रडू आलं, तिनं भावाच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. “आधी कॉपी काढ, आधी कॉपी!” तिनं दुसरी डिस्क जोडली आणि कॉपी सुरू केली.

कॉपीला वीस मिनिटं लागणार होती. हात रिकामे राहिले की विश्वजित गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्यानं यादीतली एक फाइल उघडली.

“ही कसली गं?”

“डब्याची रोजनिशी असणार. कंपनीवाले बघायचे, आपल्याला कधी दिसली न्हाई.”

तीन रकाने होते. पहिल्यात स्नायूंवरून डब्यानं वाचलेलं. दुसऱ्यात डब्यानं उच्चारलेलं. तिसऱ्यात घरच्यांनी दिलेला निकाल, बरोबर की चूक. ‘पाणी दे — पाणी दे — बरोबर.’ ‘मीठ कमी — मीठ कमी — बरोबर.’ विश्वजित खाली खाली सरकवत गेला. आणि २०३९च्या मार्चमध्ये थांबला.

‘विश्याला बोलव — विश्याला बोलव — चूक.’

खाली पुन्हा तेच. आणि पुन्हा. बारा दिवसांत बारा वेळा. तिसऱ्या रकान्यात दर वेळी ‘चूक.’

कस्तुरीला सगळं लख्ख आठवलं. विश्वजित ताटावरून उठून गेला तो महिना. सकाळी ती शिकवायला बसायची, डबा अण्णांच्या आवाजात म्हणायचा, विश्याला बोलव. तिच्या अंगाची लाही व्हायची. मी इथं उसाभर करतेय, आणि ह्यांना तो हवा. ती ‘चूक’चं लाल बटण दाबायची. रागानं, नुसत्या रागानं. पंधरवड्यानं डबा तसं म्हणायचा थांबला आणि तीही विसरून गेली.

डबा विसरला नव्हता. विश्वजितनं खाली सरकवलं. एप्रिलपासून पहिल्या रकान्यात तेच होतं, ‘विश्याला बोलव.’ दुसऱ्या रकान्यात मात्र ‘बरं आहे’ असं होतं. तिसरा रकाना रिकामा, ‘बरं आहे’ला कुणी कधी बटणच दाबलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा, चारदा. विश्वजितच्या फोनच्या तारखांनासुद्धा तेच. ‘कधी येतोस — बरं आहे.’ ‘ये की लेका — बरं आहे.’ चार वर्षं.

डब्याची तरी काय चूक? घरच्यांना जे रुचत नाही ते चुकीचं, असंच तर त्याला शिकवलं होतं. त्यानं शेजारचा, सगळ्यांना चालेलसा शब्द शोधून काढला.

आणि अण्णांना हे कळायला मार्ग नव्हता. आपला डबा काय बोलतो ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते सांगत होते. त्यांना दिसायचं ते एवढंच, की पोरगी ऐकून न ऐकल्यासारखं करून पोळ्या लाटतेय. ओठ बघायची सवय तिनं कधीच सोडली होती. आवाज येत असताना तोंडाकडे कोण बघतं?

“मी फोन करायचो,” विश्वजित हळूच म्हणाला. “माझं बोलणं त्यांना फोनवर अक्षरांत दिसायचं. अण्णा, येऊ काय विचारायचो. बरं आहे. औषध घेतलं काय? बरं आहे. मला वाटलं, ह्यांना मी नकोच झालोय.” त्यानं चष्मा काढला. “तू दाबलंस हे, तायडे?”

खोटं बोलायला वाव होता. डब्याचा अंदाज चुकत असणार, सुरुवातीला सगळ्यांचेच चुकायचे, असं म्हणता आलं असतं. तिच्या तोंडापर्यंत आलंसुद्धा.

“हो. मीच दाबलं.”

तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. कॉपी पूर्ण झाल्याची घंटी वाजली आणि पडद्यावर नवा प्रश्न आला. ‘शिकलेला आवाज परत घालायचा, की कोऱ्यापासून सुरुवात?’

“तेवढ्या बारा नोंदी काढून टाकता येत न्हाईत काय?” त्यानं विचारलं.

“न्हाई येत. रंगवलेल्या सुतातनं एकच रंग कसा काढणार? शिकलेलं सगळं एकात एक मुरलंय. ठेवायचं तर सगळं, न्हाईतर काहीच न्हाई.”

ठेवलं तर अण्णांचा तो आवाज, लग्नाच्या व्हिडिओतला, खर्जातला, परत स्वयंपाकघरात येणार होता. कोरं केलं तर कारखान्यातून आलेला सपाट आवाज, आणि शब्दाशब्दाला ठेच. ह्याच आवाजासाठी तिला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. आणि अण्णांना तर तो ऐकूही येत नव्हता. तो आवाज अण्णांसाठी नव्हताच, तिच्यासाठी होता. हे तिला आता कळलं आणि इतकी लाज वाटली की अण्णांकडे बघवेना.

पण बघायला हवं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं आवाज न काढता, ओठ ठसठशीत हलवून, मागावर बोलतात तसं सगळं सांगितलं. तुम्ही विश्याला बोलव म्हणत होता. मी डब्याला शिकवलं की हे चूक. मग डबा दुसरंच बोलायला लागला. मी ऐकलं नाही, अण्णा. मी केलं हे.

अण्णांनी तिचे ओठ शेवटपर्यंत वाचले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी एकदा विश्वजितकडे बघितलं, मग डब्याकडे. ‘चार वर्षं?’ त्यांनी ओठांनी विचारलं. तिनं मान हलवली. ते भिंतीकडे तोंड करून बसले. कस्तुरी तिथून हलली नाही.

मग त्यांनी तोंड वळवलं आणि डब्याकडे बोट केलं.

‘कोरा कर.’

“अण्णा, बोलायला अडखळाल. परत सगळं शिकवायला वर्ष जाईल,” विश्वजित मोठ्यानं म्हणाला, मग जीभ चावून तेच ओठांनी म्हणाला.

‘जाऊ दे. ह्या खेपेला दोघं बसा. एकटी नको.’

कस्तुरीनं कोरं निवडलं. डबा बंद झाला, उठला, आणि पट्टीवरचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर आलं, ‘सावकाश एक वाक्य बोला.’

अण्णांनी वाक्य जुळवायला वेळ घेतला नाही. सरळ तिच्याकडे बघून ओठ हलवले. डबा थोडा वेळ घुटमळला आणि बसस्टँडवर गाडी लागल्याची सूचना द्यावी तशा कोरड्या आवाजात म्हणाला, “कस्तुरे. तू. लई वाईट केलंस.”

खाली दोन बटणं उजळली, हिरवं आणि लाल. ‘बरोबर की चूक?’

विश्वजितनं ओठ वाचले होते, तिनंही वाचले होते. दोघांचं वाचलेलं जुळत होतं. तो हात मागे घेऊन बसला. “दाब तायडे,” एवढंच म्हणाला.

डोळे भरून आल्यामुळे तिला बटणं नीट दिसत नव्हती. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि हिरवं दाबलं.

अण्णांनी मान डोलावली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.